मोजक्या फ्रेंचचा पक्ष : प्रवासापूर्वीच्या भाषिक तयारीवरील आक्षेपांना उत्तर

फ्रान्स, बेल्जियमचा दक्षिण भाग, स्वित्झर्लंडचा पश्चिम भाग किंवा कॅनडातील क्यूबेक प्रांत येथे जाणाऱ्या मराठी प्रवाशाने निघण्यापूर्वी फ्रेंच भाषेतील काही मोजके वाक्प्रयोग शिकून घ्यावेत, ही सूचना अनेक सुशिक्षितांना आता कालबाह्य वाटू लागली आहे. व्हिसा, विमा, परकीय चलन आणि गरम कपडे यांची तयारी कित्येक आठवडे चालते, मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी यांचे वजनही काटेकोरपणे ठरते. परंतु ज्या माणसांच्या देशात जायचे त्यांच्याशी पहिला शब्द कोणता बोलावा, हा प्रश्न त्या यादीत नसतो आणि तो तेथे असण्याची गरजच नाही, असे आग्रहाने सांगितले जाते. या मताचा येथे प्रतिवाद करावयाचा आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मग ते खोडणे हा प्रतिवाद नव्हे, अशी आपल्याकडील शास्त्रार्थाची जुनी शिस्त असल्यामुळे प्रथम पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडणे योग्य ठरेल.

पूर्वपक्षात चार आक्षेप आहेत. पहिला असा की इंग्रजी ही जगाची संपर्कभाषा, म्हणजे भिन्न भाषांच्या माणसांना जोडणारी तिसरी भाषा, झालेली आहे आणि शिकलेल्या मराठी माणसाला ती येते. दुसरा असा की हातातला फोन आज बोललेल्या वाक्याचे क्षणात भाषांतर करतो, पाटीवरचा मजकूर वाचून दाखवतो, त्यामुळे पाठांतर व्यर्थ आहे. तिसरा आक्षेप अधिक विचारी आहे : पाठ केलेला प्रश्न विचारता आला तरी त्याचे उत्तर कळत नाही, आणि ज्या ज्ञानाने संवाद सुरू होतो पण पुढे जात नाही ते ज्ञान केवळ देखावा ठरते. चौथा आक्षेप स्वाभिमानाचा आहे : ज्या राज्यसत्तेने आपली भाषा स्वदेशातील आणि वसाहतींतील असंख्य लोकांवर लादली, तिच्या भाषेपुढे एकेकाळी पारतंत्र्यात राहिलेल्या देशाच्या नागरिकाने आपणहून का झुकावे, आणि पैसे मोजून आलेल्या पाहुण्याची सोय पाहणे हे यजमानाचे काम नव्हे काय?

यांपैकी पहिले तीन आक्षेप वरवर वेगळे दिसले तरी एकाच गृहीतकावर उभे आहेत. भाषा म्हणजे माहिती इकडून तिकडे नेणारे साधन, आणि म्हणून माहिती अन्य मार्गाने पोचत असेल तर ती विशिष्ट भाषा अनावश्यक, असे ते गृहीतक आहे. ते अपुरे आहे, हे मानववंशशास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये, ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या अर्थविचारावरील ग्रंथाला जोडलेल्या निबंधात, ज्या बोलण्याचा हेतू काही कळवणे हा नसून माणसामाणसांत नाते जुळवणे हा असतो, त्या बोलण्याला स्वतंत्र नाव दिले; मराठीत त्याला संपर्कसंवाद म्हणता येईल. ही गोष्ट मराठी माणसाला ग्रंथातून शिकावी लागत नाही. गावच्या वाटेवर भेटलेला शेजारी ‘काय, कुठं निघालात?’ असे विचारतो तेव्हा त्याला प्रवासाचा तपशील नको असतो, आणि दुपारी ‘जेवण झालं का?’ असे विचारणाऱ्यालाही ताटातले पदार्थ मोजायचे नसतात. हे प्रश्न न विचारता थेट कामाचे बोलणारा माणूस उर्मट ठरतो; मग त्याने दिलेली माहिती कितीही अचूक असो.

फ्रेंच समाजात हेच कार्य ‘बोंझूर’ या अभिवादनाकडे आहे आणि तेथे त्याचे नियम मराठी समाजातल्यापेक्षा अधिक काटेकोर आहेत. पावाच्या दुकानात शिरताना, औषधांच्या दुकानाच्या खिडकीशी उभे राहताना, बसमध्ये चढून चालकासमोरून जाताना, डॉक्टरांकडे थांबलेल्या रुग्णांच्या खोलीत पाऊल टाकताना आणि अनोळखी माणसाला रस्ता विचारताना प्रथम हा शब्द उच्चारला जातो, सायंकाळनंतर त्याची जागा ‘बोंस्वार’ घेतो, आणि त्यास ‘मादाम’ किंवा ‘मस्यू’ हे संबोधन जोडणे अधिक सभ्य मानले जाते. निघताना ‘मेर्सी’ आणि निरोपाचा ‘ओ रव्ह्वार’ म्हटल्याशिवाय ती भेट पूर्ण होत नाही. ज्युली बार्लो आणि झाँ-बेन्वा नादो या क्यूबेकच्या लेखकद्वयाने फ्रेंच लोकांच्या संभाषणाच्या रीतीवर २०१६ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच त्यांनी या एका शब्दाला स्थान दिले. त्यामागची सामाजिक धारणा लक्षात घेण्याजोगी आहे : दुकान हे विक्रेत्याचे क्षेत्र आहे, विक्रेता हा ग्राहकाचा सेवक नसून त्याच्या बरोबरीचा माणूस आहे, आणि आत येणाऱ्याने प्रथम त्याच्या अस्तित्वाची दखल घेतली पाहिजे. ही दखल न घेता थेट इंग्रजीत ‘हे कितीला?’ असे विचारणाऱ्या प्रवाशाला तुटक उत्तर मिळते आणि तो फ्रेंच लोक तुसडे असतात असा निष्कर्ष घेऊन परत येतो. वास्तविक त्या प्रसंगी शिष्टाचाराचा पहिला भंग बऱ्याच वेळा त्याच्याकडूनच झालेला असतो.

मराठी प्रवाशाच्या बाबतीत या अडचणीला आणखी एक पदर आहे. मराठीत सौजन्य मुख्यतः क्रियापदाच्या रूपात आणि सर्वनामात वसते. ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’, ‘द्यावे’ या रूपांतून आदराच्या पायऱ्या इतक्या स्पष्ट होतात की ‘कृपया’ हा शब्द सूचनाफलकांना आणि रेल्वेच्या उद्घोषणांना, तर ‘धन्यवाद’ हा बहुधा भाषणाच्या अखेरीला राखून ठेवलेला असतो. हाच माणूस इंग्रजीत बोलू लागला की क्रियापदातले सौजन्य गळून पडते, कारण इंग्रजीत ती सोय नाही, आणि वेगळा शब्द घालून विनंती करण्याची सवय नसल्यामुळे मनाने अत्यंत सभ्य असलेल्या माणसाचे बोलणे हुकमासारखे ऐकू येते. फ्रेंच या बाबतीत मराठीच्या जवळची आहे. तीत जवळिकीचे ‘त्यु’ आणि आदराचे ‘व्हू’ असा भेद आहे, तो मराठीतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्या भेदाशी पुष्कळसा जुळतो, आणि अनोळखी माणसाशी बोलणाऱ्या प्रवाशाला फक्त ‘व्हू’ पुरते. विनंतीसाठी ‘सिल व्हू प्ले’ आणि ‘मला हवे’ असे थेट न म्हणता ‘मला हवे होते’ अशा नरम छटेचे ‘झ व्हूद्रे’ हे दोन प्रयोग आत्मसात केले की मराठी माणसाचे मूळचे सौजन्य त्याला परक्या भाषेतही राखता येते. इंग्रजीच्या मध्यस्थीत नेमके तेच हरवते.

आता आक्षेप एकेक करून पाहता येतील. इंग्रजी सर्वत्र चालते, हे विधान प्रथम वस्तुस्थिती म्हणूनच तपासले पाहिजे. युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक जनमत पाहणीत संभाषण करण्याइतके इंग्रजी येते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण फ्रान्समध्ये ३९ टक्के होते. त्यानंतरच्या काळात तरुण पिढीत ते वाढले असे मानले तरी त्याचे वाटप समान नाही : लूव्र संग्रहालयाच्या तिकीटखिडकीवर आणि मोठ्या हॉटेलांच्या स्वागतकक्षात इंग्रजी सहज मिळते, परंतु छोट्या गावातला बसचालक, आठवडी बाजारातली भाजीवाली किंवा वयस्क घरमालक यांच्याकडे ती असेलच असे नाही. शिवाय सार्वजनिक जीवनाची लिखित भाषा फ्रेंचच आहे. ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे कलम तेथील राज्यघटनेत १९९२ मध्ये घालण्यात आले आणि १९९४ च्या कायद्याने, जो तत्कालीन सांस्कृतिक मंत्री झाक तूबों यांच्या नावाने ओळखला जातो, जाहिराती, मालाची माहिती आणि सार्वजनिक सूचना यांत फ्रेंचचा वापर बंधनकारक केला. भाषांतर जोडण्यास त्यात मुभा आहे, परंतु प्रत्येक ठिकाणी ते असतेच असे नव्हे. रेल्वेस्थानकाच्या फलकावर गाडीपुढे ‘स्युप्रिमे’, म्हणजे रद्द, असे झळकले किंवा दारावर ‘ग्रेव्ह’, म्हणजे संप, असे लिहिलेले असले, तर तो एक शब्द ओळखता येणे आणि न येणे यांत प्रवाशाचा अख्खा दिवस अडकलेला असतो.

त्याहून महत्त्वाचे हे की इंग्रजी जेथे चालते तेथेही फ्रेंचने केलेला आरंभ निष्फळ जात नाही. हॉवर्ड जाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये कॅनडातील भाषिक तणावाच्या पार्श्वभूमीवर केलेला अभ्यास येथे निर्णायक ठरतो. फ्रेंच मातृभाषा असलेल्या वक्त्याने इंग्रजी भाषकांसाठी त्यांच्या भाषेकडे सरकण्याचा जितका अधिक प्रयत्न केला असे श्रोत्यांना जाणवले, तितके त्यांचे त्याच्याविषयीचे मत अनुकूल झाले आणि उत्तर देताना त्यांनीही त्याच्यासाठी तितकाच अधिक प्रयत्न केला, असे त्यात आढळले. भाषाविज्ञानात पुढे जो अनुकूलनाचा सिद्धान्त, म्हणजे बोलणारे एकमेकांच्या बोलीकडे का व कसे झुकतात याचे विवेचन, म्हणून प्रतिष्ठित झाला, त्याचा पाया या अभ्यासात आहे. श्रोत्याने मोजला तो प्रयत्न होता. ‘बोंझूर मादाम, पार्ले व्हू आँग्ले?’ म्हणजे ‘नमस्कार बाई, तुम्ही इंग्रजी बोलता का?’ या वाक्यात प्रवासी इंग्रजीच मागतो, पण ती हक्क म्हणून न मागता परवानगी म्हणून मागतो. आणि म्हणूनच मोडकेतोडके इंग्रजी येणारा माणूसही संकोच सोडून ते बोलायला तयार होतो. फ्रेंचमध्ये बोलावे तर समोरचा लगेच इंग्रजीकडे वळतो, मग शिकून काय मिळाले, अशी तक्रार यावर केली जाते. ती तक्रार करणाऱ्याच्या लक्षात येत नाही की समोरच्याचे ते वळणे हेच त्या प्रयत्नाचे फळ असते.

दुसऱ्या, फोनच्या आक्षेपात तथ्याचा मोठा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. भाड्याच्या घराची लांबलचक नियमावली, औषधाच्या खोक्यातला कागद किंवा संग्रहालयातील माहितीफलक वाचण्यासाठी भाषांतराचे उपयोजन हे उत्तम साधन आहे आणि तेथे पाठांतराचा आग्रह धरणे अविचाराचे होईल. परंतु अभिवादनाचे मोल त्याच्या वेळेत असते. दार उघडल्यावर पहिल्या दोन क्षणांत जे बोलायचे ते फोन काढून, वाक्य सांगून आणि यंत्राचा आवाज समोरच्याच्या कानाशी नेऊन बोलता येत नाही. त्या दरम्यान नजर पडद्यावर खिळलेली असते आणि ज्याची दखल घ्यायची तो माणूस ताटकळत राहतो. मागे रांग लागलेल्या पावाच्या दुकानात, गोंगाटाच्या बाजारात किंवा भुयारी रेल्वेच्या दाराशी हे साधन आणखी अडखळते. यंत्र वाक्याचा अर्थ देते. बोलणाऱ्याने समोरच्यासाठी घेतलेले कष्ट मात्र ते देऊ शकत नाही, कारण ते कष्ट टाळण्यासाठीच ते हातात घेतलेले असते.

तिसरा आक्षेप अर्धवट ज्ञानाचा. पाठ केलेल्या वाक्यांना तुच्छ लेखणाऱ्यांना असे वाटते की खरी भाषा म्हणजे व्याकरणाच्या नियमांनी दर वेळी नव्याने घडवलेली वाक्ये. भाषावैज्ञानिक संशोधन त्यांच्या बाजूचे नाही. ॲलिसन रे यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात ज्याला साचेबद्ध भाषा म्हटले, म्हणजे ज्या शब्दसमूहांचा साठा आणि वापर एकसंधपणे होतो, ती मातृभाषकाच्या रोजच्या बोलण्याचाही मोठा भाग व्यापते; ‘या, बसा’, ‘काही हरकत नाही’, ‘बघू या’ ही वाक्ये कोणताही मराठी भाषक व्याकरण जुळवून तयार करत नाही. म्हणजे वाक्प्रयोग आधी एकसंधपणे उचलणे आणि त्याचे घटक नंतर कधीतरी उलगडणे, हा भाषेच्या स्वभावाला धरूनच असलेला मार्ग आहे.

थोडक्या भाषेचा पुरेसा संच कसा निवडावा, यावर तर फ्रेंचच्याच संदर्भात मोलाचे काम झाले आहे. १९५० च्या दशकात झोर्झ गूगेनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष संभाषणांचे ध्वनिमुद्रण करून परदेशी शिकाऊंसाठी ‘मूलभूत फ्रेंच’ निश्चित केली. तिच्या पहिल्या टप्प्यात सुमारे दीड हजार शब्द होते. हे करताना असे दिसले की शब्द किती वेळा येतो एवढे मोजून भागत नाही, कारण जेवणाच्या काट्यासारखे अगदी नित्याचे शब्द संभाषणात क्वचितच उच्चारले जातात, तरी प्रसंग येताच प्रत्येक भाषकाच्या ओठांवर ते तयार असतात. या गुणाला त्यांनी उपलब्धता म्हटले आणि शब्दसंचाच्या निवडीत तिला वारंवारितेच्या बरोबरीने स्थान दिले. पुढे युरोप परिषदेने, म्हणजे मानवी हक्क आणि संस्कृती यांसाठी झटणाऱ्या, युरोपीय संघाहून वेगळ्या असलेल्या संघटनेने, भाषाशिक्षणाचे एकक व्याकरणाच्या धड्याऐवजी बोलण्यातून साधायची कृती हे मानले : अभिवादन करणे, विनंती करणे, नकार देणे, कळले नाही असे सांगणे. याच भूमिकेतून फ्रेंचसाठीचा ‘उंबरठा-स्तर’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००१ मधील सामाईक युरोपीय आराखड्याने भाषाज्ञानाचे सहा स्तर ठरवले. त्यांतील पहिल्या स्तराच्या व्याख्येतच समोरचा माणूस सावकाश आणि स्पष्ट बोलेल व मदत करायला तयार असेल, ही अट लिहिलेली आहे. उत्तर पूर्ण कळत नाही हे अल्पज्ञानाचे लांच्छन नाही. ते त्या पायरीचे मान्य लक्षण आहे आणि समोरच्याचे सहकार्य हा त्या पायरीवरील संवादाचा भागच आहे.

राहिला उत्तर न समजण्याचा व्यावहारिक प्रश्न. तो वाक्यांच्या निवडीने बराच सुटतो. ज्याचे उत्तर लांब वर्णनाने द्यावे लागेल असा प्रश्न प्रवाशाने पाठ करू नये. ज्याचे उत्तर होय-नाही, बोटाने दाखवलेली दिशा किंवा कागदावर लिहिलेला आकडा असेल असाच करावा. ‘सोर्ती कोठे आहे?’ म्हणजे बाहेर पडण्याचा मार्ग कोठे, याचे उत्तर हाताने देता येते. आकड्यांबाबत मात्र सावधगिरी हवी, कारण फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ आणि दहा, ऐंशी म्हणजे चार विसा आणि नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा अशी रचना आहे, तर बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर व नव्वद यांसाठी स्वतंत्र सरळ शब्द वापरतात. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांसारखी रूपे बालपणी पाठ केलेल्या मराठी माणसाला ही रचना अशक्य वाटण्याचे कारण नाही. आणि गोंधळ झालाच तर ‘लिहून द्या’ ही विनंती कामी येते.

उच्चार कधीच बरोबर येणार नाहीत, ही भीतीही याच आक्षेपाची शाखा आहे आणि मराठी भाषकापुरती ती बरीचशी निराधार आहे. फ्रेंचमधील त आणि द हे दंत्य आहेत, म्हणजे जिभेचे टोक दातांना लावून उच्चारले जातात, आणि शब्दारंभीचे प, त, क हे अल्पप्राण आहेत, म्हणजे त्यांबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडत नाही. मराठीत हे ध्वनी जसेच्या तसे आहेत, तर इंग्रजी भाषकाला ते मुद्दाम साधावे लागतात. नासिक्य स्वर प्रमाण मराठीत क्षीण झाले असले तरी कोकणीत ते अर्थभेद करण्याइतके जिवंत आहेत, त्यामुळे गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील माणसाला त्यांचे अप्रूप वाटत नाही. ओठ गोल करून ‘ई’ म्हटल्यासारखा स्वर आणि घशातला र असे मोजकेच ध्वनी सरावाचे ठरतात. असे असूनही मराठी शिकाऊ फ्रेंच शब्द रोमन लिपीत पाहून इंग्रजीच्या वळणाने वाचतो, दंत्य त च्या जागी ट घालतो आणि जन्मजात मिळालेला फायदा गमावून बसतो.

अल्प भाषेने कोणते खरे काम होते, याचे उत्तम उदाहरण शाकाहारी प्रवाशाचे आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे, जो डिसेंबर २०१४ पासून लागू आहे, खाद्यपदार्थांतील १४ प्रकारच्या घटकांची माहिती ॲलर्जीच्या कारणास्तव द्यावीच लागते आणि त्यांत अंडी, दूध, मासे, भुईमूग, तीळ यांचा समावेश आहे. परंतु मांस त्या यादीत नाही. परिणामी नियमाचे काटेकोर पालन करणाऱ्या उपाहारगृहातही कांद्याचे सूप परंपरेप्रमाणे गोमांसाच्या स्टॉकमध्ये शिजवलेले असू शकते, आणि लोरेन प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किश या खमंग पदार्थात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. ‘शाकाहारी’ एवढा शब्द सांगून भागेलच असे नाही, कारण मासे चालतात की नाही याविषयी समज वेगवेगळी असते. येथे मांस, मासे, अंडी आणि स्टॉक यांचे चार शब्द आणि ‘शिवाय’ या अर्थाचे ‘साँ’ हे अव्यय, एवढ्या सामग्रीने माणसाची आयुष्यभराची निष्ठा जपली जाते. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्याला आणखी दोन शब्द लागतात. सहलगटासोबत स्वयंपाकी असतो हे उत्तर येथे पुरत नाही, कारण गटातून सुटून मोकळा वेळ मिळालेला माणूसही जेवतो, आणि लेकीकडे किंवा मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांबरोबर तर कोणताच सहलगट नसतो.

संकटाच्या वेळी हे अधिकच खरे ठरते. फ्रान्समध्ये वैद्यकीय मदतीसाठी १५, पोलिसांसाठी १७, अग्निशामक दलासाठी १८ आणि सर्व युरोपीय संघासाठी ११२ हे क्रमांक आहेत. ‘ओ स्कूर’ ही मदतीची हाक आणि ‘येथे दुखते’ या अर्थाचे ‘झे माल इसी’ हे वाक्य हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या ज्येष्ठ प्रवाशाला पाठ असले पाहिजे. त्या क्षणी फोन चालू असेल, हातात असेल आणि हात स्थिर असेल, यावर जीव सोपवणे शहाणपणाचे नाही.

उरतो चौथा आक्षेप, आणि तो इतर तिन्हींहून गंभीर आहे, कारण त्यातील इतिहास खरा आहे. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रेच्या राजाज्ञेने न्यायालयीन व्यवहारात फ्रेंच आणली. १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार यांनी क्रांतिकारी संसदेपुढे सादर केलेल्या अहवालात शुद्ध फ्रेंच बोलणारे तीस लाखांहून अधिक नाहीत असे सांगून प्रादेशिक बोली नष्ट करण्याची आवश्यकता प्रतिपादली. आणि पुढे शाळांतून ब्रेतों, ऑक्सितां, बास्क या भाषा बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या मातृभाषेची लाज वाटायला लावण्यात आली. आफ्रिकेत आणि हिंदी महासागरात हीच भाषा सत्तेबरोबर गेली. परंतु या इतिहासाचा निष्कर्ष आक्षेपक काढतात तो नाही. ल्यों शहरातली पाववाली किंवा डाकारमधला टॅक्सीचालक हे त्या सत्तेचे प्रतिनिधी नव्हेत. ते आपल्या दैनंदिन व्यवहाराच्या भाषेत बोलणारे लोक आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आजी-आजोबांनी स्वतः ही लादणी सोसलेली आहे. शिवाय फ्रेंच नाकारून त्यांच्यासमोर जी भाषा ठेवली जाते ती इंग्रजी, जिचे साम्राज्य त्याहून लहान नव्हते. एका वसाहतकर्त्याची भाषा स्वाभिमानाने नाकारायची आणि दुसऱ्याची हक्काने वापरायची, याला स्वाभिमान म्हणता येत नाही. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून कोकण भागातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही मराठी सण आणि मराठीचे शिक्षण जपून आहेत, आणि तेच लोक बाजारात फ्रेंचपासून घडलेली क्रिऑल बोलतात व फ्रेंच वृत्तपत्रे वाचतात. आणखी एक भाषा आत्मसात केल्याने त्यांचे मराठीपण उणे झालेले नाही.

पैसे मोजणाऱ्याची सोय यजमानाने पाहावी, या युक्तिवादाची कसोटी तर घरीच लागते. महाराष्ट्रात १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून मराठीला राज्यकारभारात स्थान मिळावे म्हणून प्रयत्न चालू आहेत, २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि मुंबई-पुण्यात येऊन राहणाऱ्याने निदान चार वाक्ये मराठीत बोलावीत ही मराठी समाजाची अपेक्षा आहे. ती अपेक्षा न्याय्य आहे. बँकेच्या खिडकीमागचा कर्मचारी किंवा शेजारी राहायला आलेले कुटुंब ‘नमस्कार’ म्हणून बोलू लागले की मराठी माणूस स्वतःच हिंदीकडे वळतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण त्याच्या भाषेचा मान राखला गेलेला असतो. जी वागणूक आपल्या दारी येणाऱ्याकडून अपेक्षित आहे ती दुसऱ्याच्या दारी जाताना नाकारायची, तर ती अपेक्षा तत्त्वाची राहत नाही, केवळ संख्याबळाची होते. थोडे दिवस राहणारा पाहुणा आणि कायमचा रहिवासी यांच्या कर्तव्यांत फरक आहे हे खरे. परंतु तो फरक किती शिकावे याचा आहे, शिकावे की नाही याचा नाही. रहिवाशाने भाषा शिकावी आणि पाहुण्याने अभिवादन, विनंती, आभार, क्षमा व आपली असमर्थता सांगण्याइतके शब्द शिकावेत, ही वाटणी दोघांनाही न्याय देणारी आहे.

या कर्तव्याची किंमत अत्यल्प आहे. वीस-पंचवीस वाक्प्रयोग, एक ते शंभर आकडे आणि फलकांवरचे पंधरा-वीस शब्द एवढा संच प्रवासाच्या तयारीच्या काळात रोज थोडा वेळ देऊन कोणत्याही वयात आत्मसात होतो. त्यासाठीची साधनेही महाराष्ट्रात दुर्मीळ नाहीत : पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग दीर्घकाळ चालत आले आहेत, मुंबई आणि पुण्यात आलियाँस फ्राँसेझच्या संस्था आहेत, आणि कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. दुर्दैव असे की त्यांतील पुष्कळांनी तो गुणांसाठी घेतलेला असतो, क्रियापदांची कोष्टके उत्तरपत्रिकेत उतरतात आणि दुकानात शिरताना काय म्हणावे हे विचारले तर ते निरुत्तर होतात. मराठी प्रकाशकांनी इंग्रजी पुस्तकांवरून उतरवलेल्या संभाषणमालांऐवजी थेट मराठीतून फ्रेंचकडे नेणारी, देवनागरीत उच्चार नीट दाखवणारी, ‘तुम्ही’ आणि ‘व्हू’ यांचे साम्य वापरणारी आणि शाकाहाराची गरज जाणणारी छोटी पुस्तके काढली पाहिजेत. सहल आयोजकांनी प्रस्थानापूर्वीच्या बैठकीत सामानाच्या वजनाबरोबर या वाक्यांनाही अर्धा तास दिला पाहिजे. आणि परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी आईवडिलांना विमानाच्या तिकिटाबरोबर ती वाक्ये स्वतःच्या आवाजात मुद्रित करून पाठवली पाहिजेत.

परदेशी जाणारा प्रत्येक प्रवासी आपल्या समाजाविषयीचे मत तेथे मागे ठेवून येतो आणि पुढे येणाऱ्या मराठी माणसाचे स्वागत काही अंशी त्या मतावर ठरते. संवादाची गरज इंग्रजीने भागते, वाचनाची गरज फोनने भागते आणि पोटाची गरज पैशाने भागते, हे सर्व मान्य केले तरी दुसऱ्याच्या घरात त्याच्या रीतीने प्रवेश करण्याचे कर्तव्य यांपैकी कशानेही भागत नाही. आपल्या भाषेचा मान मागणाऱ्या समाजाला दुसऱ्याच्या भाषेचा मान राखणे हा पर्यायाचा प्रश्न नाही. त्या मागणीची ती पहिली अट आहे, आणि फ्रेंच भाषक देशात ती अट पूर्ण करण्यासाठी अगदी मोजकी वाक्येच शिकावी लागतात.